विश्लेषण : गाडी तापते म्हणून मोठा रेडिएटर बसवावा का? फायदा किती, धोका किती?

उन्हाळी सुट्टीतला शनिवार, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील बोरघाटाची चढण आणि न हलणारी रांग. अशा वेळी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी तरी गाडी दिसतेच. गाडी ‘तापली’ की पुढच्या आठवड्यात ती गॅरेजमध्ये जाते आणि तिथे बहुतेकदा तीनपैकी एक सल्ला मिळतो. ‘थर्मोस्टॅट काढून टाकू’, ‘पंखा डायरेक्ट करू’ किंवा ‘मोठा रेडिएटर टाकू’. ईसीयू रीमॅप करून गाडीची ताकद वाढवणाऱ्यांसाठी तर यादी आणखी लांब आहे. ऑइल कूलर, मोठा इंटरकूलर, जास्त दाबाचे झाकण, पाणीविरहित कूलंट, इलेक्ट्रिक वॉटर पंप असे सारे काही बाजारात मिळते. रोजच्या वापरातल्या गाडीला यातल्या कशाची खरोखर गरज असते? हे बदल इंजिन वाचवतात की नवे दुखणे मागे लावतात? याविषयी...

इंजिन किती तापणे योग्य?

इंधन जाळून जी ऊर्जा मिळते, त्यातला ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी पुढे नेण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढीच ऊर्जा सायलेन्सरवाटे बाहेर जाते आणि उरलेली उष्णता इंजिनाच्या धातूत, ऑइलमध्ये व कूलंटमध्ये उतरते. ही उष्णता बाहेर काढण्याचे काम वॉटर पंप, रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि झाकण मिळून करतात.

‘इंजिन जितके थंड तितके चांगले’ हा गैरसमज मात्र सर्वत्र आढळतो. आजच्या गाड्यांचे कूलंट साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअस या टप्प्यात राहावे, अशीच रचना केलेली असते. या तापमानाला ऑइल योग्य तेवढे पातळ होते, पिस्टन व सिलिंडरमधील फट ठरलेल्या मापाची होते आणि इंधन नीट जळते. त्यामुळे कूलिंग व्यवस्थेची कामे दोन आहेत. इंजिन लवकर गरम करणे आणि त्यानंतर ते ठरावीक पट्ट्यात ठेवणे. गॅरेजमध्ये चर्चा फक्त दुसऱ्या कामाची होते.

इंजिन जास्त तापले तर काय बिघडते?

बहुतेक आधुनिक इंजिनांचे हेड अॅल्युमिनियमचे असते. अॅल्युमिनियम हे बिडाच्या तुलनेत तापल्यावर जवळपास दुप्पट प्रसरण पावते. तापमान मर्यादेबाहेर गेले की हेड वाकते, हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट दबते किंवा जळते. मग कूलंट सिलिंडरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते. सायलेन्सरमधून पांढरा धूर, बाटलीत सतत बुडबुडे, गळती न दिसताही कूलंट कमी होणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी हेड उतरवणे, फेसिंग करणे, गॅस्केट बदलणे हा खर्च ठरलेला. हेडला तडा गेला असेल तर खर्च आणखी वाढतो. त्यामुळे ‘गाडी तापते’ ही तक्रार गांभीर्यानेच घ्यायला हवी. प्रश्न आहे तो उपाय कोणता, याचा.

थर्मोस्टॅट आणि रेडिएटर यांची कामे वेगळी कशी?

थर्मोस्टॅट ही मेणाच्या गोळीवर चालणारी झडप असते. इंजिन थंड असताना ती बंद राहते आणि कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या आसपास झडप उघडू लागते आणि त्यानंतर दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडते. काही गाड्यांमध्ये ही मर्यादा आणखी वर असते.

म्हणजेच तापमानाची खालची मर्यादा थर्मोस्टॅट ठरवतो, तर वरच्या बाजूला किती वाव आहे हे रेडिएटर ठरवतो. मूळ व्यवस्था नीट चालत असेल, तर दुप्पट मोठा रेडिएटर बसवूनही सपाट रस्त्यावर इंजिनाचे तापमान फारसे कमी होणार नाही, कारण थर्मोस्टॅट तेवढा कमी उघडेल. मोठ्या रेडिएटरचा उपयोग होतो तो फक्त मूळ रेडिएटर पूर्ण क्षमतेने काम करूनही कमी पडत असेल तेव्हा.

मग उन्हाळ्यात रेडिएटर कमी पडत नाही का?

त्याची क्षमता निश्चित घटते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हाच फरक ५० अंशांवर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता सुमारे २८ ते २९ टक्क्यांनी कमी होते. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो. त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते.

मात्र गाडी बाजारात आणण्यापूर्वी कंपन्या हे सारे गृहीत धरतात. उष्ण हवामान, एसी सुरू, गाडी भरलेली आणि चढण या स्थितीत चाचण्या घेतल्या जातात. एक साधा हिशेब पाहता येईल. माणसांसह १,५०० किलो वजनाची गाडी पाच टक्के चढावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर केवळ चढ चढण्यासाठी सुमारे ८ किलोवॉट, म्हणजे जेमतेम ११ अश्वशक्ती लागते. सपाट महामार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना छोट्या गाडीलाही साधारण १५ ते २० अश्वशक्ती खर्च करावी लागते. म्हणजे घाटात संथ चालताना इंजिनावरचा भार महामार्गापेक्षा जास्त असतोच असे नाही. कमी पडते ती समोरून येणारी हवा. महामार्गावर वेगामुळे हवा आपोआप मिळते, रांगेत मात्र सगळी भिस्त पंख्यावर असते.

याचा अर्थ असा की, महामार्गावर ठीक चालणारी पण घाटातल्या रांगेत तापणारी गाडी बहुतेकदा पंखा, त्याचा रिले, सेन्सर किंवा कचऱ्याने भरलेल्या जाळीकडे बोट दाखवत असते. उलट रांगेत ठीक पण वेगात तापणारी गाडी आतून तुंबलेला रेडिएटर, अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट, झिजलेला वॉटर पंप किंवा कमी झालेले कूलंट यांचा संशय निर्माण करते. काहीही बदल न केलेली गाडी घाटात तापत असेल तर त्यात काहीतरी बिघडले आहे. तिथे मोठा रेडिएटर बसवला तर मूळ बिघाड काही महिने झाकला जातो आणि नंतर तो अधिक खर्च घेऊन समोर येतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे धोक्याचे का?

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, थर्मोस्टॅट कशाला हवा’ हा युक्तिवाद अनेक गॅरेजमध्ये ऐकू येतो. थर्मोस्टॅट काढल्यावर काटा खाली राहतो, त्यामुळे ग्राहकही खूश होतो. परंतु सतत ६०-७० अंशांवर चालणाऱ्या इंजिनाचे नुकसान हळूहळू होते.

पहिले नुकसान इंधनाचे. इंजिन अजून गरम झालेले नाही असे समजून ईसीयू जादा इंधन सोडत राहतो. मायलेज घटते आणि न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. दुसरे नुकसान ऑइलचे. त्यात जमणारी वाफ उडून जात नाही, गाळ तयार होतो आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसू लागते. हेड गॅस्केट गेल्यावरही असाच थर दिसतो, त्यामुळे निदानाचा घोळ वाढतो. तिसरे नुकसान डिझेल गाड्यांचे. बीएस-६ डिझेल गाडीतील डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, ठरावीक काळाने स्वतःमधील काजळी जाळतो. इंजिन पुरेसे गरम नसेल तर ही प्रक्रिया अनेक गाड्यांमध्ये सुरूच होत नाही आणि फिल्टर तुंबतो.

गाडीची स्वनिदान यंत्रणाही हे ओळखते. कूलंट ठरलेल्या वेळेत अपेक्षित तापमानाला पोहोचले नाही, तर ‘पी०१२८’ हा कोड नोंदवला जातो आणि इंजिनाचा दिवा लागतो.

आणखी एक बाब कमी जणांना ठाऊक असते. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट दुहेरी काम करतो. रेडिएटरची वाट उघडताना तो आतली आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायम उघडी राहते. कूलंटचा काही भाग रेडिएटरमध्ये न जाताच फिरत राहतो आणि भर उन्हात चढावर इंजिन आधीपेक्षा जास्त तापू शकते. म्हणजे ज्या भीतीने थर्मोस्टॅट काढला, तीच खरी ठरते.

मोठ्या रेडिएटरमध्ये काय गफलत होते?

कारखान्यातून येणारे बहुतेक रेडिएटर अॅल्युमिनियमच्या जाळीचे आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्यांचे असतात. जुनाट गाडीत या टाक्या ठिसूळ होऊन तडकतात. त्यामुळे पूर्ण अॅल्युमिनियमचा रेडिएटर आकर्षक वाटतो. मात्र तो निवडताना जाडी हा एकच निकष लावला जातो आणि तिथेच चूक होते.

जाळी जितकी जाड, तितका तिच्यातून हवा ओढायला जोर जास्त लागतो. मूळ पंखा मूळ जाडीच्या हिशेबाने दिलेला असतो. त्यामुळे जाड रेडिएटर वेगात फायदा देतो, पण रांगेत पंख्याला पुरेशी हवा ओढता येत नाही. ज्याला त्रास घाटातल्या रांगेचा आहे, त्याच्यासाठी हा सौदा उलटा पडतो. शिवाय जाड रेडिएटर बसावा म्हणून पंख्याभोवतीचे प्लॅस्टिकचे आवरण कापले किंवा काढले, तर पंखा संपूर्ण जाळीऐवजी फक्त स्वतःसमोरच्या गोलातून हवा ओढतो.

बसवणीचाही प्रश्न असतो. मूळ रेडिएटर रबरी बुशांवर तरंगता बसवलेला असतो. पट्ट्या वेल्ड करून तो चॅसीला आवळला की खड्ड्यांचे हादरे थेट सांध्यांवर येतात आणि वेल्ड तडकतात. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत पातळ पत्रे गंजून झडतात, तर ग्रामीण भागात दाट पत्र्यांच्या जाळीत धूळ आणि भुसा पटकन अडकतो.

पंखा ‘डायरेक्ट’ करणे का टाळावे?

ईसीयू पंखा चालवतो तो कूलंटचे तापमान आणि एसीच्या वायूचा दाब या दोन्हींवर नजर ठेवून. पंखा थेट स्विचवर घेतला की ही जबाबदारी चालकाच्या आठवणीवर येते. २५० वॉटचा पंखा १२ व्होल्टवर जवळपास २० अँपिअर प्रवाह घेतो आणि सुरू होताना त्याहून बराच जास्त. एवढ्या प्रवाहासाठी योग्य जाडीची वायर, रिले आणि फ्यूज नसेल तर वायर तापते, वेष्टन वितळते आणि आगीचा धोका निर्माण होतो. बॉनेटखाली नंतर जोडलेली, फ्यूज नसलेली प्रत्येक वायर हा धोका बाळगून असते.

जादा ताकदीचा पंखा लावताना त्याच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्याने तो हवा आत ओढण्याऐवजी समोर फेकतो, असेही घडते. गाडी उभी असताना हे लक्षात येत नाही. वेग घेतल्यावर मात्र समोरची हवा आणि पंख्याची हवा एकमेकांशी भांडतात. कागदाचा तुकडा जाळीसमोर धरून तो चिकटतो की उडतो, हे पाहिले तरी ही चूक कळते.

झाकण आणि कूलंट यांचे गणित काय?

रेडिएटरचे झाकण म्हणजे स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टीच. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. सुमारे १.१ बार दाबाच्या झाकणाखाली साधे पाणी जवळपास १२० अंशांना उकळते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल समप्रमाणात असतील तर हीच मर्यादा १३० अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक झाले आणि दाब टिकेनासा झाला तर कूलंट लवकर उकळते. म्हणून जुन्या गाडीत सर्वात स्वस्त आणि उपयोगी दुरुस्ती अनेकदा नव्या झाकणाची असते, पण मूळ दाबाच्याच.

जास्त दाबाचे झाकण लावले तर तो दाब सगळ्या व्यवस्थेवर येतो. जुने होज पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या, डॅशबोर्डमागचा हीटर यांपैकी सर्वात कमकुवत दुवा आधी सुटतो. झाकण उष्णता बाहेर काढत नाही, ते फक्त उकळण्याची वेळ पुढे ढकलते.

कूलंटबाबतही असेच आहे. उष्णता वाहून नेण्यात साध्या पाण्याची बरोबरी ग्लायकॉलला करता येत नाही. समप्रमाणातील मिश्रणाची उष्णताधारण क्षमता पाण्यापेक्षा १५ ते २० टक्क्यांनी कमी असते. तरीही ते वापरतात, कारण ते उशिरा उकळते आणि त्यातील रसायने गंज रोखतात. ‘शुद्ध कूलंट म्हणजे जास्त थंडावा’ असे समजून पाणी न मिसळता संहत द्रव ओतणे म्हणूनच चुकीचे. बोअरवेलचे जड पाणी ओतणे तर त्याहून वाईट. त्यातील क्षार बारीक नळ्यांमध्ये थर धरतात. डिस्टिल्ड पाणी किंवा तयार मिश्रण वापरणे श्रेयस्कर. कूलंटचा रंग हे काही प्रमाण नव्हे. वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र केली तर घट्ट गाळ तयार होऊ शकतो. त्यामुळे रंग न बघता गाडीच्या पुस्तिकेतील मानक पाहावे.

पाणीविरहित कूलंट १८० अंशांपर्यंत उकळत नाही आणि त्यामुळे दाबही वाढत नाही, हे खरे. पण ते पाण्यापेक्षा दाट असते आणि उष्णता कमी वाहून नेते. त्यामुळे त्याच इंजिनाच्या धातूचे तापमान वाढू शकते. रस्त्यात गळती झाली तर त्यात पाणी टाकून वेळ मारून नेता येत नाही, कारण पाणी मिसळताच त्याचा मूळ गुण जातो.

ऑइल कूलर, इंटरकूलर आणि इलेक्ट्रिक पंपाचे काय?

टर्बो इंजिनाला ऑइल कूलर हा तर्कशुद्ध बदल वाटतो. मात्र ऑइलही किमान ८०-९० अंशांवर असावे लागते. थर्मोस्टॅट नसलेला ऑइल कूलर पावसाळ्यातल्या छोट्या फेऱ्यांत ऑइल गरमच होऊ देत नाही. याशिवाय नवे सांधे म्हणजे गळतीच्या नव्या जागा. गाडीच्या अगदी पुढे, दगड लागेल अशा ठिकाणी ऑइलचा पाइप असणे म्हणजे एका दगडाने ऑइल वाहून जाण्याची आणि काही सेकंदांत इंजिन जाम होण्याची शक्यता स्वीकारणे. गरम एक्झॉस्टवर पडलेले ऑइल पेटूही शकते.

मोठा इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसवला की टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी हवा थंड होते, पण रेडिएटरची हवा अडते. एका जागी मिळालेला फायदा दुसऱ्या जागी फेडावा लागतो. इलेक्ट्रिक वॉटर पंप तत्त्वतः वाईट नाही. २००९ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसच्या इंजिनाला पट्टाच नव्हता, त्यात पंप विजेवर चालत असे. पण तिथे पंपावर ईसीयूचे पूर्ण नियंत्रण होते. बाहेरून बसवलेल्या पंपाचा फ्यूज उडाला आणि चालकाला सूचना मिळाली नाही, तर इंजिन वाचण्यासाठी फार वेळ नसतो.

कंपनीनेच चूक केली तर उपाय काय असतो?

याचे बोलके उदाहरण फोर्डचे आहे. दक्षिण आफ्रिकेत १.६ लिटर इंजिनाच्या कुगा गाड्यांना आगी लागल्याच्या तक्रारींनंतर जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने तिथल्या ४,५५६ गाड्या परत मागवल्या. कूलंट नीट न फिरल्याने इंजिन तापते, हेडला तडा जातो, त्यातून ऑइल गळते आणि गरम भागावर पडून पेट घेते, अशी ही साखळी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये उत्तर अमेरिकेतही १.६ लिटर इकोबूस्ट इंजिनाच्या सुमारे २ लाख ३० हजार गाड्या याच कारणासाठी परत मागवण्यात आल्या.

उत्तर अमेरिकेत त्यावर ठरलेला उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. मोठा रेडिएटर नव्हे, तर कूलंटची पातळी घटल्याचे चालकाला वेळेत सांगणारा सेन्सर आणि त्यासोबतचे सॉफ्टवेअर. थंड करण्याची क्षमता पुरेशी होती. कूलंट कमी झाल्याचे कळत नव्हते. घरच्या गाडीबाबतही हाच क्रम लागू पडतो. क्षमता वाढवण्याआधी माहिती मिळायला हवी.

कायदा, वॉरंटी आणि विमा काय सांगतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी विसंगत होतील, असे बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ (४) नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याच मापाचा, त्याच क्षमतेचा रेडिएटर बदलणे ही दुरुस्ती आहे. बंपरची रचना कापणे, इंजिन बदलणे या गोष्टी वेगळ्या गटात मोडतात. बुल बारविरोधात कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते. कारण सुरक्षेचे होते, पण बुल बार आणि त्यावरचे दिवे रेडिएटरची हवाही अडवतात.

वॉरंटीत असलेल्या गाडीत बाहेरून बदल केल्यास संबंधित बिघाडाचा दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. वाहन विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत यांत्रिक व विद्युत बिघाड आणि परिणामी नुकसान वगळलेले असते. म्हणजे दगड लागून रेडिएटर फुटला तर तो भरून मिळू शकतो, पण तशीच गाडी पुढे चालवून इंजिन जळाले तर ते नुकसान मालकाच्या माथी येते. गाडीत केलेले बदल विमा कंपनीला कळवणेही आवश्यक असते.

मग खरी गरज कोणाला?

कोईम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट अशा ट्रॅकवर गाडी नेणाऱ्यांना. रस्त्यावर पूर्ण ताकद काही सेकंद वापरली जाते, ट्रॅकवर ती लॅपमागून लॅप लागते. तिथे मूळ व्यवस्था कमी पडते. अर्थात ट्रॅकचे नियमही निराळे असतात. सांडलेले ग्लायकॉल निसरडे असल्याने अनेक ट्रॅकवर त्याला मनाई असते आणि शर्यतीच्या गाड्या साधे पाणी व गंजरोधक वापरतात. ट्रॅकवर चालते म्हणून ते घरच्या गाडीत भरणे योग्य नव्हे.

जुन्या जीपमध्ये दुसरे, मोठे इंजिन रीतसर परवानगीने बसवले असेल, वाळूत-चिखलात तासनतास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवायची असेल किंवा रीमॅपनंतर मोजलेले तापमान खरोखर मर्यादेबाहेर जात असेल, तर सुधारित व्यवस्थेचा विचार रास्त ठरतो. तेव्हाही रेडिएटर, पंखा, आवरण आणि झाकण हा एक संच म्हणून पाहावा. एकच भाग बदलून उरलेले जुने ठेवण्यात अर्थ नसतो.

आधी काय तपासावे?

पहिले काम मोजमापाचे. डॅशबोर्डवरचा काटा मुद्दाम ‘शांत’ केलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान तो अनेक गाड्यांत मध्यावरच राहतो. काही छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला जोडता येणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर मोबाइलवर कूलंटचे प्रत्यक्ष तापमान दाखवतो. घाटात, रांगेत आणि महामार्गावर आठवडाभर नोंदी घेतल्या की तापमान केव्हा चढते ते समजते. कूलंट पूर्ण वाहून गेले असेल तर मात्र सेन्सर कोरडा पडतो आणि चुकीचा, कमी आकडाही दाखवू शकतो. म्हणून स्कॅनरबरोबर बाटलीतील पातळीही पाहावी.

त्यानंतर क्रमाने झाकण, कूलंटची पातळी व वय, कंडेन्सर आणि रेडिएटरमधील फटीत अडकलेला कचरा, पंखा व रिले, थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि शेवटी दाब देऊन गळती चाचणी. एसी लावल्यावर पंखा फिरतो, पण इंजिन तापल्यावर आपोआप फिरत नसेल तर सेन्सर किंवा त्याच्या वायरिंगचा संशय घ्यावा. यात दोष सापडला तर मूळ मापाचा चांगला सुटा भाग पुरेसा असतो. एकही दोष सापडला नाही आणि तापमान तरीही चढत असेल, तरच मोठ्या रेडिएटरची चर्चा सुरू व्हावी.

रस्त्यात गाडी तापली तर?

एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात सुरू करावा. उन्हात नकोसे वाटले तरी हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो. सुरक्षित जागी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे, धोक्याचे दिवे लावावेत आणि लहान मुलांना बॉनेटपासून दूर ठेवावे. रेडिएटरचे किंवा बाटलीचे झाकण गरम असताना उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून अधिक तापलेले कूलंट क्षणात उकळून तोंडावर, हातावर उडते. कुकरची शिट्टी निघण्यापूर्वी झाकण उघडण्यासारखेच ते आहे. अर्धा-पाऊण तास थांबून, वरचा होज पाइप हाताला सोसेल इतका गार झाल्यावरच जाड फडक्याने झाकण हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतू नये.

पाणी भरल्यावर पातळी लगेच उतरत असेल, तर बाटल्या ओतत ओतत घर गाठण्याचा मोह टाळून टोइंग बोलवावे. टोइंगचा खर्च एकदाच होतो. त्याच दहा-पंधरा किलोमीटरमध्ये हेड वाकले, तर त्यानंतर कितीही मोठा रेडिएटर बसवला तरी त्याचा उपयोग नसतो.